रोबोची खुर्ची

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. दसरा

दर दसऱ्याला बाबा वेल्डिंगचा जुना होल्डर, हातोडी आणि आईची शिवणाची कात्री पाटावर मांडतात. बारावीपासून त्यात माझंही काहीतरी असतं. आधी जीवशास्त्राचं पुस्तक असायचं, मग स्टेथोस्कोप आला. लहान मुलांची सर्जन झाल्यापासून टाके घालायची एक चिमटी असते, पकड सैल झाली म्हणून हॉस्पिटलने टाकून दिलेली.

आज पिपलानीला आईबाबांच्या क्वार्टरवर पोचले तर चिमटीच्या जागी फोटो. आमच्या हॉस्पिटलात गेल्या महिन्यात आलेल्या, ऑपरेशनं करायच्या रोबोचा, मीच व्हॉट्सॲपवर पाठवलेला. बाबांनी तो दुकानातून मोठा छापून आणला आणि पाटावर मावेना म्हणून उजव्या बाजूने घडी घालून उभा केला. घडीत माझ्याबरोबरची सर्जन शमिका गेली. फोटोत ती रोबोच्या खुर्चीत बसली आहे आणि मी टेबलाशेजारी, त्याच्या हातांपाशी उभी आहे.

"मशीन घरी आणता येत नाही ना," बाबा म्हणाले. "मग फोटोलाच हळदकुंकू."

समोरच्या क्वार्टरमधले केशवकाका सोनं द्यायला आले. ते कारखान्यात बाबांच्याच शॉपमध्ये क्रेन चालवतात. बाबा त्यांना म्हणाले, "हे बघ, हे आमची मेघा चालवते." मी आपट्याची पानं घेतली, वाकून नमस्कार केला. सणाच्या दिवशी बापाला चारचौघांत खोटं कसं पाडायचं?

खरं म्हणजे खुर्चीत शमिकाच बसणार. आमचे हेड श्रीकांत सर यांनी परवा तसं ठरवलं. ती वर्षभर चेन्नईला रोबो शिकून आली आहे. मी दोन वर्षं इथे दुर्बिणीने मुलांची ऑपरेशनं करते आहे, आणि आता माझं काम टेबलापाशी उभं राहणं. शमिकाचे आई आणि वडील दोघंही इंदूरला डॉक्टर आहेत. ती खुर्चीत बसते तेव्हा ती खुर्ची तिच्याच घरची वाटते.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज रोबोवरचं पहिलं ऑपरेशन. नऊ वर्षांची मुलगी. मूत्रपिंडातून लघवी खाली नेणारी नळी तोंडाशीच अरुंद, त्यामुळे मूत्रपिंड फुग्यासारखं फुगलेलं. अरुंद भाग कापून टाकायचा आणि चांगला भाग पुन्हा जोडायचा. मी असं ऑपरेशन दुर्बिणीने अनेकदा केलं आहे. केसाहून बारीक धागा असतो आणि सरळ काड्यांनी तो फिरवायचा असतो. लहान मुलाच्या पोटात म्हणजे डबीत हात घालून भरतकाम करण्यासारखंच.

रोबोला मनगटं आहेत. ती आत सगळीकडे वळतात. शमिका खोलीच्या कोपऱ्यात खुर्चीत, रोबोचे हात चालवायच्या कन्सोलमध्ये डोकं घालून बसली होती, चप्पल काढून. मी मुलीपाशी. हत्यारं बदलायची, रक्त ओढायचं, सुई आत द्यायची. तिचा आवाज स्पीकरमधून येत होता. "मेघा, सुई दे ना. मेघा, थोडं सक्शन, यार." मला पडद्यावर सगळं दिसत होतं. टाके सुरेख पडत होते. ते मला सोसत नव्हतं.

शेवटी सर म्हणाले, "छान. दोघीही छान." तो 'दोघीही' त्यांनी मागाहून जोडला, मी नीट ऐकलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सरांनी बोलावलं. "मेघाबाई, डिसेंबरात इंदूरला सर्जनांच्या सभेत आपल्याला बोलायचं आहे. रोबो आणि दुर्बीण, कोणत्या मुलाला काय बरं. आपण आणि शमिकाबाई मिळून लिहा. भांडून लिहिलंत तरी चालेल."

संध्याकाळी वाचायला बसले. बहुतेकांचं म्हणणं एकच: गुण दोन्हींनी सारखाच येतो. रोबोने टाके घालणं सोपं जातं, खर्च जास्त होतो, हाताला स्पर्श कळत नाही. अगदी लहान बाळांत काय बरं, याचा पुरावा थोडा आहे. तासाभराने लक्षात आलं की पिवळी पेन्सिल मी फक्त रोबोच्या विरोधातल्या वाक्यांवर फिरवली आहे. खोडून पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच झालं.

मी या कामात आले ती गरिबाच्या मुलालाही उत्तम ऑपरेशन मिळावं म्हणून. मुलाखतीत हेच वाक्य बोलले होते आणि ते खरंही होतं. आता रोबोचा खर्च पुढे करते तेव्हा तेच वाक्य वापरते. ते अजून तितकंच खरं आहे का, कळत नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सरावाच्या खोलीत एक बंद पेटी असते. भोकांतून काड्या घालून त्यात दुर्बिणीचे टाके घालायची सवय करतात. शमिका तिथे आली. "मेघा, तुझी गाठ कशी बसते दाखव ना. तू ओढतेस कधी आणि थांबतेस कधी, ते मला कळतच नाही."

मला परीक्षेला बसवते आहे. रोबो चालवता येणारीला दुर्बिणीची गाठ कशाला हवी? आता माझं आहे तेवढंही हिला पाहिजे.

मी दाखवली. मुद्दाम भराभर. ती म्हणाली, "अगं, पुन्हा एकदा, हळू." मला वॉर्डात जायचं आहे असं सांगितलं. वॉर्डात काही काम नव्हतं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

हे इथे लिहिलं नाही तर वही ठेवण्यात अर्थ नाही.

आज रोबोच्या ऑपरेशनात शमिकाचा धागा तुटला. गाठ आवळताना जास्त ओढला गेला. मनगटं कितीही वळोत, धागा ताणला जातोय हे बोटांना कळत नाही, डोळ्यांनी ओळखावं लागतं. मग तिने तो टाका काढला, पुन्हा घातला, पुन्हा तुटला. भूलतज्ज्ञ घड्याळाकडे बघायला लागले. आणि मला बरं वाटलं. टेबलावर सहा वर्षांचा मुलगा होता, माझा हात त्याच्या पोटावर होता, आणि मला बरं वाटलं.

मुलगा ठीक आहे. शमिकाने शेवटी नीट केलं.

जेवायला ती समोर बसली. डबा उघडला आणि तसाच बंद केला. म्हणाली, "भूक नाहीये." नेहरू नगरला तिच्याकडे स्वयंपाकाला बाई येते, तरी रोज पोळीची तक्रार असते. लाडावलेल्यांना भूक नसणं परवडतं.

२ नोव्हेंबर, रविवार

पिपलानी. मी पोचायच्या आधीच केशवकाका घरात बसले होते. शेजारी सून वंदना, मांडीवर सात महिन्यांचा नातू. नाव ठेवलंय मोठं, पण सगळे पिंटूच म्हणतात. हातात सोनोग्राफी. डावं मूत्रपिंड फुगलेलं. तेच दुखणं. औषध देऊन थांबून बघणं झालं आहे, फुगवटा वाढतोच आहे आणि मूत्रपिंडाचं काम कमी होत चाललं आहे. ऑपरेशन लागणार.

"आम्ही दुसरीकडे गेलोच नाही," काका म्हणाले. "घरची डॉक्टर असताना कशाला? तू आपली रोबोने करून टाक. माणसाचा हात थरथरतो, मशीनचा नाही. पस्तीस वर्षं क्रेनवर बसलोय, मला विचार."

बाबा माझ्याकडे असे बघत होते, जसे मी दहावीचा निकाल आणला होता तेव्हा बघत होते.

मी पिंटूला पलंगावर निजवलं. वजन कमी, पोट एवढंसं. पंजा पसरला तर बेंबीपासून कमरेच्या हाडापर्यंत सगळं झाकलं गेलं. पंजा उचलायच्या आधीच मला कळलं होतं. रोबोची हत्यारं पेन्सिलीएवढी जाड, आणि दोन हत्यारांच्या मध्ये मोकळी जागा लागते, नाही तर बाहेर ते मोठे हात एकमेकांवर आपटतात. दुर्बिणीच्या काड्या बाळांसाठी विणायच्या सुईएवढ्या मिळतात. हे बाळ दुर्बिणीचं आहे. म्हणजे माझं आहे.

तेच तर अवघड. मी नुसतं "मंगळवारी ओपीडीत आणा" म्हटलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

ओपीडीत सर, शमिका आणि मी. शमिकाने पिशवीतून टेप काढला आणि पिंटूचं पोट मोजत बसली. उभं, आडवं, पुन्हा उभं. वंदनासमोर केवढा आव. मला पंजा पुरला होता.

सरांनी फिल्म बघितली. "एवढ्या लहान बाळाचं आपल्याकडे रोबोने झालेलं नाही. शमिकाबाई, जमेल?" तिने टेप गुंडाळला. मग म्हणाली, "बघते, सर." सर माझ्याकडे वळले. "मेघाबाई?"

गेले तीन आठवडे प्रत्येक मीटिंगमध्ये मी रोबोच्या विरुद्ध बोलले आहे. मोठ्या मुलांतही, जिथे बोलायचं कारण नव्हतं. मागच्या वेळी सर हसून म्हणाले होते, "आपली हरकत धरूनच चालतो आम्ही." आज पहिल्यांदा खरी हरकत होती आणि तोंडात ती जुन्यांसारखीच लागत होती. म्हटलं, "शमिका ठरवेल ते."

तारीख तेराची मिळाली. रोबोची.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

स्वतःला एक प्रश्न विचारला. खुर्चीत मी बसणार असते तर पिंटूसाठी काय म्हटलं असतं? उत्तर लगेच आलं. रोबोच म्हटलं असतं. काहीतरी जुळवलं असतं, आणि बाबांनी आणखी एक फोटो छापला असता.

मग माझा आत्ताचा सल्ला कशाच्या जोरावर खरा? मी दोन्हीकडून खोटी आहे. पण पोट तर तेवढंच आहे ना. माझं मन कसंही असो, त्याने पोट रुंद होत नाही.

रविवारी ऑपरेशन थिएटर रिकामं असतं. पिंटूएवढं काहीतरी टेबलावर ठेवून रोबोचे हात लावून बघायचे. हात आपटले की मग सांगायचं. तेव्हा ते माझं मत राहणार नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

घरून उशीचा अभ्रा आणि टॉवेल घेऊन गेले. थिएटरमध्ये दिवा चालू होता.

शमिका आत होती. टेबलावर टॉवेलची गुंडाळी, वर चिकटपट्टीने बेंबी केलेली, आणि रोबोचे तीन हात त्यावर वाकलेले. इथेही ही माझ्या आधी. मला इतका राग आला की अभ्रा पाठीमागे लपवला. का लपवला, ठाऊक नाही.

"बरं झालं आलीस," ती म्हणाली. "मंगळवारी घेतलेल्या मापाचं बनवलंय. बघ."

तिने खुर्चीत बसून हात हलवले. दोन हात एकमेकांना घासले, मग आपटले. भोकं सरकवली, पुन्हा आपटले. मी टेबलापाशी उभी होते. तिसऱ्या वेळी एक हात टॉवेलवर असा दाबला गेला की चिकटपट्टीची बेंबी सुटून खाली पडली. तिला तिथून ते दिसलंही नाही. मी ओरडून थांबवलं.

ती उठून आली, खाली वाकून बेंबी उचलली. "बघ ना, मला कळलंसुद्धा नाही. त्या दिवशी धागा तुटला तेव्हाही असंच. याची भीती आधीपासूनच होती, म्हणून तर तुला गाठ विचारत होते, यार."

मी रोबोवरचं कव्हर नीट करायला लागले.

"तू सरांना सांग," ती म्हणाली. "मी सांगितलं तर म्हणतील, तुटलेल्या धाग्याने घाबरली. तुझं ऐकतात ते. टेबलापाशी तूच हवीस, ही अट मी घातली होती तर लगेच हो म्हणाले. सिंपल आहे."

फार हुशार आहे. सांगायचं मी, आणि वाईटपणाही माझ्याच डोक्यावर. मी म्हटलं, "मी एकटी नाही सांगणार. दोघी जाऊ."

अभ्रा परत आणला.

१० नोव्हेंबर, सोमवार

सरांना पाच मिनिटंही लागली नाहीत. शमिकाने काल मोबाइल लावून घेतलेला टॉवेलचा व्हिडिओ त्यांनी बघितला. "मग हे मंगळवारी का नाही बोललात, मेघाबाई?" मी व्हिडिओ बंद केला. "दुर्बिणीने करा. आपण करा."

घरच्यांना सांगणं अवघड गेलं. व्हरांड्यात केशवकाका, वंदना आणि पिंटू, बरोबर बाबाही, पहिली पाळी सोडून आलेले. मी सांगितलं, रोबोने नाही, दुर्बिणीने करायचं. का ते समजावलं. काका ऐकत होते. मग म्हणाले, "पण तू तर रोबो चालवतेस."

बाबांसमोर बोलावं लागलं. "नाही, काका. रोबो डॉक्टर शमिका चालवतात. मी खाली टेबलापाशी असते."

काकांनी बाबांकडे बघितलं. "म्हणजे केबिनमध्ये ती मॅडम, आणि ही खाली हेल्पर?" ते टोचायला बोलले नाहीत. शॉपमध्ये तसंच असतं. वर केबिनमध्ये ऑपरेटर, खाली साखळी अडकवणारा हेल्पर. "मग नरहर, राग मानू नकोस. आपण त्या मॅडमकडूनच करून घेऊ. पोराचा प्रश्न आहे."

बाबा जिन्याच्या कठड्यावर नखाने रंग खरवडत राहिले.

मला वाटलं होतं, खरं बोललं की सगळं सुटेल. खरं बोलले आणि पिंटू शमिकाकडे गेला.

तेवढ्यात शमिका बाहेर आली. काकांनी तिलाच गाठलं. ती म्हणाली, "काका, मशीन एवढ्याशा पोटाला मोठं पडतंय. काल करून बघितलं मी. आणि दुर्बिणीने एवढ्या लहान बाळाला टाके मला नाही घालता येत. मेघाला येतात. मी कॅमेरा धरते."

इतक्या सहज म्हणाली. 'मला येत नाही' हे मी आजवर कुणासमोर म्हटलेलं नाही. आमच्यासारख्यांना ते म्हणता येत नाही. म्हटलं की लोक लगेच मान डोलावतात.

काकांना पटलं नव्हतं. मग वंदना पुढे आली. तिने विचारलं, "ऑपरेशनभर त्याच्याजवळ कोण उभं राहणार?"

"मी," मी म्हटलं.

"मग ताई करतील, बाबा," ती सासऱ्यांना म्हणाली आणि पिंटूला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

झालं.

नळी बारीक होती, ओल्या शेवईसारखी. पहिला टाका घालताना मला वाटलं, केशवकाकांचं खरं आहे, माणसाचा हात थरथरतो. मग थांबला.

शमिका कॅमेरा धरून माझ्या डाव्या हाताला उभी होती. दुर्बिणीत कॅमेरा धरणारा जरा हलला की सर्जनचे डोळे हलतात. आज चित्र हललं नाही. मला जवळ हवं असायचं तेव्हा ते मी मागायच्या आधीच जवळ यायचं. अवघड टाक्याला मी श्वास धरला, तर शेजारी तिनेही धरला होता. ते ऐकू येत होतं.

मी तिच्यासाठी टेबलापाशी अशी उभी राहिले होते का, याचा विचार करत होते. मग सरांनी "गाठ" म्हटलं आणि मी गाठ मारली.

पिंटूने संध्याकाळी दूध घेतलं. लघवी नीट होते आहे. मूत्रपिंड सुधारलं की नाही ते काही महिन्यांनी सोनोग्राफीत कळेल, त्याआधी कुणी आनंद करू नये. वंदनाला मी हेच सांगितलं. ती म्हणाली, "हो ताई," आणि तरी आनंद करत राहिली.

२३ नोव्हेंबर, रविवार

पिपलानी. बाबा माझ्याशी दोन आठवडे फोनवर फक्त "जेवलीस का" एवढंच बोलत होते. आज बसस्टॉपवर घ्यायला आले, स्कूटर घेऊन. वाटेत केशवकाका भेटले. बाबा त्यांना म्हणाले, "रोबोवाल्या मॅडमनी हिचा कॅमेरा धरला, माहितीये ना?" काका म्हणाले, "अरे, शंभरदा सांगून झालंय तुझं. आता पोराला बघू दे तिला." पिंटूच्या टाक्यांच्या खुणा शोधाव्या लागतात.

घरात फोटो देव्हाऱ्याशेजारी तसाच होता, पण घडी उघडलेली. आईने सांगितलं, बाबांनीच उघडली. मधून पांढरी रेघ पडली आहे. रेघेच्या पलीकडे शमिका खुर्चीत, दात दाखवून हसते आहे. अलीकडे मी. तो फोटो मी इतक्यांना पाठवला, पण आज पहिल्यांदा नीट बघितला. त्यात मी समोर बघतच नाहीये. मी खुर्चीकडे बघते आहे.

५ डिसेंबर, शुक्रवार

उद्या इंदूरला बोलायचं आहे. शमिकाच्या घरी उतरणार आहोत. तिची आई पोहे करणार म्हणे, म्हणजे मोठ्या डॉक्टरही पोहे करतात. भाषण दोघींनी लिहिलं, भांडून. रोबो कुठे बरा हे मी लिहिलं, दुर्बीण कुठे बरी हे तिने. ही अदलाबदल सरांची. सर म्हणाले, दोन्हीकडची भाषा आता जरा सभ्य वाटते.

दुपारी मीच तिला सरावाच्या पेटीपाशी बोलावलं. गाठ दाखवली. हळू. धागा कुठे सैल सोडायचा, कडा कडेला टेकली की कसं थांबायचं, त्यानंतर एक केसभरही ओढायचं नाही. तिने करून बघितली. पहिली सुटली. दुसरी बसली, अगदी घट्ट नाही, अगदी सैल नाही.

ही गाठ बसवायला मला दोन वर्षं लागली होती.

"बरोबर आहे ना?" तिने विचारलं.

नुसतं 'हो' म्हणून काड्या ठेवून देता आल्या असत्या. बाळाच्या पोटात उजव्या हाताला कधी कधी जागाच मिळत नाही; हे मला कुणीच शिकवलं नव्हतं आणि तिलाही अजून माहीत नव्हतं.

"सोड ती," मी म्हटलं. "आता डाव्या हाताने कर."